काजांचे तास

ती. वहिनीस,

धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर, कारण कंबर धरली आहे. ती कशाने धरली ते पुढे येईलच.) तुझी तब्येत कशी आहे? सकाळी बोटांचे सांधे आखडायचे, ते बहिणीकडे गेल्यापासून जरा कमी आहे का? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तू तिकडे गेलीस त्याला पाच आठवडे झाले. त्या दिवशी सगळ्या शिंप्यांसमोर मी जे बोललो (‘दिवसभर बसून भोकं पाडण्यापलीकडे तू करतेस काय’), ते पुन्हा लिहायची गरज नाही, तरी लिहिलं. तू सुई उशीत खोचलीस आणि उठलीस. पुढच्याच आठवड्यात मी धंदा शास्त्रशुद्ध करायचं मनावर घेतलं. लहान कारखानदारांच्या मंडळाने तीन दिवसांचा वर्ग ठेवला होता, विषय लिनिअर प्रोग्रॅमिंग. नावाला घाबरू नकोस. मी दीड दिवस घाबरलो होतो, त्यात तसं काही नव्हतं. आपल्याकडे जे जे मोजकं आहे, म्हणजे माणसं, मशिनं, तास, ते एकेका ओळीत लिहायचं. कोणत्या मालाला त्यातलं किती लागतं आणि त्यात किती सुटतं तेही लिहायचं. मग कोणता माल किती केला म्हणजे सगळ्यात जास्त फायदा, ते कॉम्प्युटर सांगतो. शिकवणारे गणिताचे सर म्हणाले, जी अडचण तुम्ही लिहिणार नाही ती त्याच्या लेखी नाहीच. हे वाक्य मी वहीत लाल शाईने उतरवून घेतलं आणि वही मिटली.

घरी येऊन आपल्या दोन मालांसाठी, कोट आणि एप्रन, ओळी मांडल्या. कापणी, शिलाई, इस्त्री. चौथी ओळ ‘मालकाची देखरेख’, आठवड्याला साठ तास. (त्यातले खुर्चीत किती, हे कॉम्प्युटर विचारत नाही.) काजांची ओळ घातली नाही. वहिनी, रागाने वगळली असती तर बरं झालं असतं. मला ती आठवलीच नाही. शिवलेला कोट खिडकीजवळच्या तुझ्या स्टुलापाशी जायचा आणि सहा काजं होऊन परत यायचा, एवढंच मी इतकी वर्षं पाहत आलो. तू करून ठेवलेले कोट अजून कपाटातून जात होते, म्हणून उणीवही दिसली नाही. उत्तर आलं: आठवड्याला कोट शहाण्णव, एप्रन शून्य. चार शिंप्यांचे एकशे ब्याण्णव तास, कोटाला दोन तास, हिशेब चोख होता. त्याच दुपारी मी शीतगृहाच्या साहेबांना छातीठोकपणे दीडशे कोटांचा शब्द देऊन आलो. मुदत वीस तारखेची.

दोन आठवड्यांत बिनकाजांच्या कोटांनी घर भरलं. जिन्यावर कोट, पलंगावर कोट. आता बसायचं कुठे ते कॉम्प्युटरला विचारून सांगा, असं आमची ही म्हणाली. मागच्या गल्लीतल्या काजवाल्याने एक कोट मशीनवर घेतला. कापूस भरलेल्या पाच पदरी कापडात त्याचं पातं अडकलं, दोन सुया मोडल्या आणि कोट त्याने दोन्ही हातांनी मला परत दिला. मग मी स्वतः तीन दिवस तुझ्या स्टुलावर बसलो. (कंबर तिथे धरली. त्या स्टुलावर तू एवढी वर्षं कशी बसलीस?) नमुन्याचा कोट अंगात घालून साहेबांना दाखवायला थेट शीतगृहात गेलो, तर दहा पावलांत सहाही बटणं काजांतून बाहेर. आतल्या थंडीत मी दोन्ही हातांनी कोट आवळून उभा. साहेब हसले नाहीत. इथे माणसं आठ-आठ तास काढतात, एवढंच म्हणाले. त्याची लाज वाटली, अजून वाटते.

शेवटी गणिताच्या सरांना बोलावलं. ते कोट बाजूला सारून बसले, माझ्या ओळी वाचल्या आणि काजं कोण करतं म्हणून विचारलं. आपले कापणारे मामा छताकडे पाहायला लागले. सरांनी काजांची ओळ घातली आणि तास शून्य टाकले. उत्तर आलं, कोट शून्य. मग तुझे अठ्ठेचाळीस तास टाकले (एका कोटाच्या काजांना एक तास), तर कोट अठ्ठेचाळीस आणि उरलेल्या शिलाईत, अर्ध्या तासाला एक, असे एप्रन एकशे ब्याण्णव. प्रत्येक ओळीपुढे आणखी एक आकडा येतो, तिथे एक तास वाढला तर धंद्याचं किती भलं होईल त्याचा. कापणी शून्य, इस्त्री शून्य, शिलाईला बऱ्यापैकी आणि काजांना सगळ्यात मोठा. मालकाची देखरेख शून्य. सर भला माणूस. शून्य म्हणजे निरुपयोगी नव्हे, गरजेपेक्षा जास्त आहे इतकंच, असं म्हणाले. मामा बराच वेळ कात्री पुसत बसले.

सर गेल्यावर मामांनी मला कापडाच्या कपाटापाशी नेलं आणि दाराची आतली बाजू दाखवली. दादाच्या हातचं, तो गेल्यावरही कुणी न पुसलेलं, पेन्सिलीने लिहिलेलं आहे: ‘कोट ४८. उरलेल्या वेळात एप्रन. तिची बोटं दुखतील त्या आठवड्यात कमी.’ दादा शाळा सोडलेला माणूस. पहिली दोन वाक्यं कॉम्प्युटरने बरोबर काढली, तिसरं त्याला काढता आलं नाही आणि मलाही नाही. मी रोज ते दार उघडत होतो. वहिनी, मी चुकलो.

बहिणीला नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. कोट अडलेत म्हणून हा लोणी लावतोय, असं तुला वाटेल. माझी कीर्ती तशी आहे. तर काल शीतगृहात जाऊन दिलेला शब्द परत घेतला. साहेब ते कोट दुसरीकडून करून घेणार आहेत. म्हणजे या घडीला तुझ्यावाचून कुणाचाही कोट अडलेला नाही.

ता. क. दुसरा. तुझ्या ओळीतले अठ्ठेचाळीस मी खोडले आहेत. तुला न विचारता टाकले होते. किती तास घालू ते कळव. शून्य कळवलंस तरी ये.