दादाच्या पिकअपचा हब

१५ सप्टेंबर २०२४, रविवार
या हातांनी आजवर केलेली कामं, कोणाकडेही न शिकता: रानडुकरांसाठी कुंपणाचं झटका मशीन. मोटारीवर चालणारी शेवयांची मशीन. कूलर, चार. ग्रामपंचायतीचा भोंगा (आवाज येतो; समजत नाही ते बोलणाऱ्यांमुळे). सासऱ्यांची कवळी, तात्पुरती. दादाच्या पिकअपच्या पुढच्या चाकांच्या हबच्या दोन नळ्या, ओळखायला दोरे बांधून, मे २०२२. लाल दोऱ्याची वर, काळ्या दोऱ्याची खाली. दोन वर्षं दादाची एक तक्रार नाही. उलट गावभर सांगायचा, आमच्या भगवानाच्या हाताले तोड नाई.

दादाला जाऊन तीन महिने झाले. गाडी तेव्हापासून उभीच होती. सोजरावहिनींनी आता सहदेव नावाचा ड्रायव्हर ठेवलाय, उद्यापासून तो शेतातली भाजी मलकापूरला नेणार. म्हणून आज गाडी आतून स्वच्छ केली. फोर-व्हीलच्या बटणावर, 'बंद'च्या बाजूला, कोणीतरी बाईमाणसाची टिकली चिकटवली होती. ब्लेडने खरवडली, वर रॉकेलचा बोळा फिरवला. मशीनवर घाण मला चालत नाही.

१७ सप्टेंबर, सकाळी ११
सहदेव नाल्यात फसला. म्हणे फोर-व्हील लावली, लाइट पेटला, अन् गाडी म्हशीसारखी बसली. शेवटी कंटाळून बटण बंद केलं, त निंघाली! मी म्हटलं, शुद्धीत होतास का. तो म्हणे, काका, मी माळकरी माणूस हावो.

त्याच्यासाठी सोपं करून सांगितलं ते इथेही लिहितो. फोर-व्हीलची दांडी अडकून कायम लागलेलीच आहे (ती मी नंतर करणार आहे). म्हणजे सगळी मदार बटणावर. बटण दाबलं की इंजिनची हवेची ओढ (व्हॅक्यूम) लाल नळीतून हब ॲक्च्युएटरला मिळते आणि तो पुढची चाकं जोडतो. बंद केलं की काळ्या नळीतून ओढ मिळते, तो चाकं सोडतो. यात न समजण्यासारखं काय आहे?

सहदेव म्हणे, हाव, पण मंग ढकललं कोनं?

१८ सप्टेंबर
आजपासून पितृपक्ष. सहदेवला निमित्तच मिळालं. म्हणे डांबरी रस्त्यावर बटण बंद असताना स्टेरिंग जड होते, वळवाले गेलं की कोनी आडवते. दुसऱ्याचा हात हाये काका त्याच्यावर. हे तो वहिनींसमोर बोलला. वहिनी भेंडी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

मी सांगितलं, ऑइल कमी असेल.

१९ सप्टेंबर, दुपारी ४
ऑइल पूर्ण आहे.

स्वतः बटण बंद ठेवून चालवून पाहिली. धामणगाव बढेच्या वळणावर स्टेअरिंग खरंच अडलं. गच्च नाही. कोणी तळहात ठेवून दाबून धरावं, तसं. मी सतरा वर्षांचा असताना दादा मला गाडी शिकवायचा तेव्हा शेजारून असाच हात ठेवायचा. हळू बे, म्हणायचा, घर कुठं पळून जाऊन नाई राह्यलं.

शेजारच्या सीटकडे पाहिलं नाही. गरज नव्हती.

२० सप्टेंबर
निदान झालं. ॲक्च्युएटर गेलाय. अकोल्याहून नवा मागवला, ७,४०० रुपये. कडूबाकडे टाका ना गाडी, असं बायको रुखमा म्हणाली. धामणगावचा कडूबा आयटीआयचा सर्टिफिकेटवाला. ज्याला दुसऱ्याने शिकवावं लागतं त्याच्याकडे मी गाडी टाकू? रुखमा म्हणाली, बरं, मंग जेवून त घ्या.

२३ सप्टेंबर
बसवला. ३ तास ४० मिनिटं. सोडण्याआधी जुन्या जोडणीचे एकतीस फोटो काढले आणि नवीन तंतोतंत तशीच केली. लाल वर, काळी खाली. केसाचा फरक नाही. एवढी काळजी कंपनीतही घेत नसतील.

सायंकाळी ५. नाल्यावर चाचणी, सहदेवला शेजारी बसवून. बटण दाबलं. लाइट पेटला. गाडी रुतली. रागाने बटण बंद केलं, पाय रेसवर तसाच होता, आणि गाडी आपणहून चिखल चढून वर आली. मागे कोणी नव्हतं. मी आरशात पाहिलं म्हणून सांगतो.

सहदेव उतरला, चपला काढल्या आणि गाडीला हात जोडले.

२४ सप्टेंबर
सहदेव चावी वहिनींच्या ओट्यावर ठेवून गेला. पगारही मागितला नाही.

वहिनी म्हणाल्या, भाऊजी, त्यांचा जीव गाडीत अडकला असंन त मोकळा झाला पाह्यजे. शुक्रवारी डोनगावचा व्यापारी येऊन राह्यला, देऊन टाकू. मी म्हटलं, अजून तीन दिवस द्या. वहिनी म्हणाल्या, तुमच्यानं होत असतं त झालं असतं ना.

हे त्या सहज बोलल्या. पण गाडी या कारणाने विकली गेली तर गाव म्हणेल, भगवानाला जमलं नाही. दादा असता तर त्याने हे बोलू दिलं नसतं.

२५ सप्टेंबर
चाक जॅकवर उचललं. मोठी इंजेक्शनची सिरिंज लावून ॲक्च्युएटरच्या तोंडांना एकेक करून ओढ दिली. वरच्या तोंडाला दिली, चाक सुटलं. खालच्या तोंडाला दिली, जोडलं गेलं. म्हणजे पार्टच उलटा बनवलाय! अकोल्याला फोन करून चांगलं सुनावलं.

दुपारी जुना पार्ट फळीवरून काढून तपासला. तोही ठणठणीत, आणि तोही उलटा. दोन पार्ट, एकच चूक. या देशात मोजमाप राहिलं नाही.

नंतर एक विचार आला. तो लिहीत नाही.

२६ सप्टेंबर
कडूबाकडे गेलो. पार्ट उलटा असल्याची साक्ष हवी होती, एवढंच.

तो वाकलाही नाही. म्हणे, भगवानराव, पार्ट सुलटा हाये, नळ्या उलट्या हायेत. दोन वर्सापासून. मी विचारलं, तुला काय माहीत दोन वर्षं? म्हणे, तुमचे भाऊ आले होते ना. मी म्हनलं, आत्ता पलटवून देतो. त हिंमतराव म्हने, हात लावू नको बे. माह्या भावानं दोरे बांधून बसवल्या. त्याले समजलं त तो मशीनले हात लावनं सोडून देईन. मीच उलटं दाबत जाईन, माह्यं काय जाते? अन् इसरू नये म्हनून त्यायनं बटनाले वहिनीची टिकली लावली. दिसली नाई तुम्हाले?

कडूबाचं बोलणं ग्राह्य धरण्याचं कारण नाही. तो धंद्यातला माणूस आहे.

तरी हिशोब केला. पंचवीस महिने, दिवसातून दोनदा नाला. सुटीचे दिवस वगळून साधारण चौदाशे वेळा. चौदाशे वेळा दादाने बटण उलटं दाबलं, आणि घरी येऊन मला म्हणाला, मस्त चालते बे.

परत येताना डांबरी रस्त्यावर बटण दाबून ठेवलं. पुढची चाकं सुटली, तसं स्टेअरिंग फुलासारखं हलकं. हात नव्हता. धामणगावचं वळण मागे फिरून पुन्हा एकदा घेतलं. तरी नव्हता.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
वहिनींना सांगितलं, गाडी विकू नका, दोष सापडला. नाल्यात बटण बंद ठेवायचं, रस्त्यावर चालू. दोष कोणाचा हे त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, म्हंजे ते नव्हते? मी म्हटलं, नव्हते, वहिनी. त्या आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन त्यांनी व्यापाऱ्याला फोन लावला, येऊ नका म्हणाल्या. सहदेवलाही निरोप गेलाय.

एक नोंदायचं राहिलं. काल निघताना कडूबा म्हणाला, आता त हिंमतराव नाईत, देऊ का नळ्या सुलट्या करून? दोन मिनिटाचं काम हाये. मी नको म्हणालो. पन्नास रुपये मागत होता.