बाळांच्या वॉर्डाची किल्ली

दि. ६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, आधीच कान धरते. फोनवर तू मला दोन मिनिटांच्या वर बोलू देत नाहीस, आणि आजची बातमी दोन मिनिटांत मावणारी नाही.

काल आम्ही शाळेतल्या सातजणी मिळून तुझा सिनेमा पाहून आलो. हो, तुझाच! तुझं काम केलेली नटी फारच नाजूक आहे. तुझा खणखणीत आवाज तिला कुठून येणार? पण धुरातून ती दोन्ही हातांवर दोन बाळं घेऊन बाहेर आली आणि सगळं थिएटर रडायला लागलं. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना बारा वर्षांत मी साधं हसताना पाहिलेलं नाही. त्या हुंदके देत होत्या. आणि ती आया, वॉर्डाला कुलूप घालून किल्लीसकट पळून जाणारी! तिच्यावर लोक असे ओरडले म्हणतेस! शेजारच्या बाईंनी पडद्याकडे चप्पल उगारली. मीही घसा बसेपर्यंत ओरडले.

शेवटी तुझा परिचारिकेच्या वेषातला जुना फोटो आला आणि सगळे उठून उभे राहिले. ही माझी सख्खी आत्या, असं मी दहाजणांना तरी सांगितलं. एका बाईंनी तर तुझी भाची म्हणून माझा हात हातात घेतला. एकतीस वर्षं तू आम्हाला फक्त एवढंच सांगितलंस, की आग लागली होती आणि बाळं बाहेर काढली. अकरा बाळं, आत्या! इतकी कसली भिडस्त गं तू?

दोन आठवड्यांनी तिथल्या थिएटरात तुझा सत्कार आहे म्हणे. गुडघ्यांची सबब सांगून घरी बसू नकोस. माझ्यावर आहे तेवढी माया तशीच राहू दे.

तुझी,
भुणभुण

दि. ११ फेब्रुवारी

चि. भुणभुण हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि दुपारभर भांडी आपटली. तू समोर नव्हतीस म्हणून ते सगळं पातेल्यांनी सोसलं.

जिच्यावर घसा बसेपर्यंत ओरडलीस ती कोण, ते आता ऐक. वॉर्डात आम्ही तिला उंच मावशी म्हणायचो. दारातून वाकून यावं लागे तिला. त्या दिवशी दुपारचे अडीच वाजले होते. बाळांचं दूध नुकतंच झालं होतं. भेटीची वेळ संपल्यावरही नातेवाईक आत घुसत, म्हणून दोन ते चार दाराला बाहेरून कुलूप असे. मावशी शेजारच्या खोलीत बाटल्या उकळत होती. बोळातल्या विजेच्या पेटीनं पेट घेतला आणि धूर दाराखालून आत जायला लागला. तिनं लोखंडी स्टूल उचललं, दाराच्या वरची काच फोडली आणि तशीच त्या काचांवरून आत उडी मारली. एकेक बाळ दुपट्यात गुंडाळून ती त्या भोकातून बाहेर देत होती. आठ बाळं तर मी पोचायच्या आत रक्त तपासणाऱ्या माणसाच्या हातात गेली होती. उरलेली तीन मी घेतली. तीन! अकरा नाहीत.

दोन्ही हातांना मिळून तिला बावीस टाके पडले. छातीत धूर गेला तो कायमचाच. ती बदलीवरची कामगार, हजेरीपटावर नाव नाही, म्हणून शौर्याच्या प्रशस्तिपत्रावर एकटं माझं नाव लिहिलं. हे सगळं मी त्या सिनेमा लिहिणाऱ्या माणसाला गेल्या वर्षी इथे बसवून सांगितलं. तो तीनदा चहा प्यायला, वहीत लिहून घेतलं, आणि घरी जाऊन तिला चोर केलं, मला देवी! आणि तुम्ही शिकलेल्या बायका त्यावर रुमाल भिजवता. रडण्याआधी एकदा विचारावं तरी, की खरं कोण आणि खोटं काय!

सत्काराला मी जाणार आहे. माईक हातात येऊ दे, मग बघतेच एकेकाला. तुझ्यावर रागावले आहे, पण तुला टाकलेलं नाही, हे लक्षात ठेव.

तुझी,
आत्या

दि. १७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि मान वर करवेना. त्या ओरडण्याची इतकी लाज वाटते, की थिएटरच्या रस्त्यानं मी जातच नाही.

पत्र शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं. वाटलं होतं, सगळ्या माझ्यासारख्याच चवताळतील. कसलं काय! एक म्हणाली की सिनेमात कुणीतरी वाईट लागतंच. दुसरी म्हणाली की आपण रडलो ते तर खरं होतं ना, मग झालं. मुख्याध्यापिकाबाईंनी तर मलाच समजावलं, की एवढ्या सुंदर अनुभवाचा विरस करू नये. मी डबा तसाच बंद करून उठले. एका जिवंत बाईला हजारो लोक रोज चार खेळांत शिव्या घालतात आणि ह्यांना विरसाची काळजी!

पण आत्या, एक विचारू? मुलांच्या वह्या तपासून मला खोड लागली आहे, गाळलेली ओळ लगेच दिसते. दाराला बाहेरून कुलूप होतं. मावशीकडे किल्ली असती तर तिनं काच कशाला फोडली असती? मग किल्ली होती कुठे? तू दोन पानं लिहिलीस, त्यात किल्लीचं नाव नाही.

चुकीचं विचारलं असेल तर लहान समजून पदरात घे.

तुझी,
भुणभुण

दि. २ मार्च

चि. भुणभुण हिस,
अ. उ. आ.

सत्काराचं आधी सांगते. माईक हातात आल्याबरोबर मी सांगून टाकलं, की मी तीनच बाळं घेतली, आठ उंच मावशीनं काढली आणि हा सिनेमा तिच्यावर धडधडीत खोटा आळ घेतो. मग काय झालं असेल? टाळ्या! उभं राहून टाळ्या! सूत्रसंचालक डोळे पुसत म्हणाला की एवढं करूनही श्रेय दुसऱ्याला देणारं हे मन बघा. मी खोटं नाही, खोटं नाही म्हणून ओरडत होते आणि लोक आणखीनच गहिवरत होते. माझा माईक काढून घेऊन त्यांनी हातात फुलं दिली. ती फुलं मी तिथेच टेबलावर आपटली. त्याचेही फोटो काढले मेल्यांनी.

घरी आले तर तुझं पत्र दारात पडलेलं. बाई गं, तुझ्या त्या खोडीला काय म्हणू? आठ दिवस मी ते पत्र उलटं घालून ठेवलं.

किल्ली माझ्या खिशात होती. कुलूप घालून मी खाली उपाहारगृहात चहाला गेले होते. जायची परवानगी नव्हती, तरी रोज जात असे. वर येताना जिन्यात धूर दिसला आणि पाय जागचे हलेनात. वरून काच फुटल्याचा आवाज आला, बाळांचं रडणं ऐकू आलं, तरी मी कठडा धरून उभीच. पाच मिनिटं असतील, जास्तही असतील. वर पोचले तेव्हाही किल्ली बाहेर काढली नाही, त्या भोकातूनच तीन बाळं घेतली. चौकशीत विचारलं तेव्हा सांगितलं, की किल्ली खिळ्याला होती, धुरात सापडली नाही. नोकरी जाईल ही भीती होती. त्या लिहिणाऱ्या माणसालाही काचेचं सांगितलं, हातांचं सांगितलं, किल्लीचं नाही. त्याला किल्ली कुणाच्या तरी हातात द्यायचीच होती. खोटं त्यानं रचलं, पण त्यासाठी जागा मी मोकळी ठेवली होती. मग मी कुणावर भांडी आपटू?

परवा मावशीकडे गेले. ती तिसऱ्या मजल्यावर राहते. खिडकीशी खुर्ची, शेजारी वाफ घ्यायचं यंत्र, आणि ती एवढीशी झाली आहे. दार सुनेनं उघडलं. ती शिवणकामाच्या कारखान्यात आहे. बरोबरच्या बायकांबरोबर सिनेमाला गेली होती. लोक ओरडायला लागले तेव्हा ही माझी सासू, असं तिच्या तोंडून निघालं नाही. घरी येऊन तिनं सासूला एवढंच विचारलं, की किल्ली तुमच्याकडे होती का. मावशी मला म्हणाली की सिनेमावाल्यांचं काही नाही, पण घरच्या माणसानं विचारलं ते मात्र फार लागलं.

मी उभ्याउभ्याच सुनेला सगळं सांगितलं. जिना, चहा, खिसा. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत की रडलीही नाही. इतकी वर्षं का गप्प बसलात, असं तिनं विचारलं. मग मावशी बोलली. थांबत थांबत, मधे श्वास घेत म्हणाली की तिला तेव्हापासून माहीत होतं. कुलूप घालून मी किल्ली खिशात टाकताना तिनं पाहिलं होतं. चौकशीला तिला कुणी बोलावलंच नाही, आणि पुढे मी स्वतः होऊन सांगेन म्हणून तिनं वाट पाहिली.

भुणभुण, एकतीस वर्षं दिवाळीअंकासारखी मी तिला वर्षातून एकदा भेटत आले आणि तिनं एकदाही विचारलं नाही.

तिथेच शिवणयंत्रापुढच्या फळीवर बसून मी सगळं लिहून काढलं, किल्लीसकट. सुनेनं ते दोनदा वाचलं आणि एका जागी मी गोलगोल लिहिलं होतं तिथे बोट ठेवून सरळ लिहायला लावलं. काल आम्ही दोघींनी जाऊन ते वर्तमानपत्राच्या कचेरीत दिलं, एक प्रत रुग्णालयात दिली आणि प्रशस्तिपत्र परत केलं. रविवारी छापतो म्हणाले. लोकांना ते आवडणार नाही. न आवडू दे.

पत्राच्या शेवटी लोभाचं काही लिहायची आपली रीत आहे. या वेळी मी लिहीत नाही. रविवारचा अंक वाच आणि मग तूच ठरव.

तुझी,
आत्या