एकसष्ट मण्यांची माळ

३ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. खुशाली विचारायची आज इच्छा नाही.

तुझ्या संग्रहालयात फोटो काढायला म्हणून माळ नेलीस आणि कापून, धुऊन, मणी लहानापासून मोठ्यापर्यंत लावून परत पाठवलीस! अक्कल गहाण ठेवली होतीस का? पणजोबा होडीतून काचेचे मणी न्यायचे, डोंगरातल्या एका घरची माणसं त्यांना मध द्यायची. दर फेरीला एकसारखे दोन मणी बाजूला काढायचे, एक आपल्या माळेत, एक त्यांच्या. एकसष्ट फेऱ्या, एकसष्ट मणी, ओळीने. दोन घरांनी एकमेकांना कधी फसवलं नाही, त्याची ती साक्ष होती रे.

डोंगरातल्या त्या घरच्या म्हाताऱ्या मावशी पुढच्या आठवड्यात येताहेत. डोळे गेलेत. एकदा शेवटचं दोन्ही माळांवरून हात फिरवायचाय म्हणतात. त्यांच्या हातात काय देऊ, तुझं डोंबल?

संतापलेली,
ताई

७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचताना कान लाल झाले.

एवढं आकांडतांडव कशाला? दोरा कुजला होता, मणी मळले होते. आता काचपेटीत कसे उठून दिसतील! मावशींना दिसतच नाही, तर क्रम काय कळणार? एक मणी गरम पाण्यात तडकला, तिथे बाजारातला तसाच निळा घातलाय. तूसुद्धा ओळखणार नाहीस, पैज लाव.

राग गिळ, लोभ राहू दे.
धाकटा

१६ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद सवयीने लिहितेय.

मावशींनी माळ घेतली, चार मणी चाचपले आणि परत माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाल्या, ही कुणा दुसऱ्याची आली, तुमची आण. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! सगळं कबूल केलं. त्या एका शब्दानेही रागावल्या नाहीत, त्यामुळे तर तुझा आणखीच संताप आला.

त्यांच्या माळेत क्रम शाबूत आहे. रविवारपर्यंत थांबल्यात. म्हणाल्या, ज्याने कापली त्यानेच ओवायची. त्या एकेक मणी बोटांत धरून कुठल्या फेरीचा ते सांगतील, तू त्याचा जोडीदार शोधायचास. तुझा बाजारातला निळा त्यांनी बाजूला काढलाय. त्या जागी नुसती गाठ मारायची.

दोरा मी आणलाय. गाठ तू मारायचीस, आणि का मारली हे माझ्या नातवंडांनाही तूच सांगायचंस.

राग ओसरलेला नाही, मायाही आटलेली नाही.
ताई