नानवरचा नंबर

४ जानेवारी
समोर ताहिरजानने विजेच्या भट्टीचं दुकान काढलं. सगळं काचेचं. आत दिवे असे, जणू नान नाही, दागिने विकतोय. महिनाभरसुद्धा टिकत नाही. आजपासून रोज लिहिणार. तो बुडाला ती तारीख माझ्याकडे राहायला हवी.

५ जानेवारी
वेळ नाही.

९ जानेवारी
इल्होम, माझा मुलगा, स्वतः टॅक्सी चालवतो आणि धंदा आईला शिकवतो. म्हणतो, ओयी, गिऱ्हाईक निम्म्यावर आलंय. मार्चातल्या नवरोझपर्यंत बघू, नाहीतर तंदूर पाडून जागा मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने देऊ. तो तयार बसलाय.
माझ्या सासूने स्वतःच्या हाताने लिंपलेला तंदूर! मी म्हणाले, आधी मला पाड. तर म्हणतो, तुम्ही वाकतच नाही, पडाल कशा?
जीभ बापावर गेली आहे.

१० जानेवारी
ठरवलं. आपणही मॉडर्न व्हायचं. सीयोब बाजारातल्या ठसेवाल्याकडून नवा ठसा आणला. कडेने खिळ्यांची फुलं, मधोमध माझा फोन नंबर. कच्च्या नानवर दाबला, तीळ भुरभुरले, की भाजून नंबर वर येतो. खाणारा वाचेल, फोन करेल. बाकीचे नानवाले करतात, पण माझे आकडे मोठे आहेत.
सून नफिसा म्हणाली, ओयीजान, फोनवर जरा गोड बोलावं लागतं हं. मी विचारलं, मी काय कडू बोलते? गप्प बसली. म्हणजे पटलं.

१३ जानेवारी
पहिला फोन. एक बाई मला मावशी करून म्हणते, खोला, वीस नान घरी पोहोचवाल का? मी म्हटलं, पाय मोडलेत का? ठेवून दिला तिने. अशी माणसं ऑर्डर देणारी नसतातच, ऐकूनच कळतं.

१४ जानेवारी
सात फोन. एकाने भाव विचारला. सांगितला. दुसऱ्यानेही तोच विचारला! किती वेळा सांगायचं? दुपारी फोन पिठाच्या डब्यात ठेवला. शांतता.
ऑर्डर शून्य. ठशात दोष असणार.

१९ जानेवारी
कडाका. सबंध मोहल्ल्याची वीज गेली. ताहिरजानचं काचघर अंधारात! माझा तंदूर पऱ्हाट्यांवर चालतो, त्याला कोण बंद करणार? दारात ही रांग! देव बघतो.
रांगेत तिकडे गेलेली सगळी तोंडं होती. एकेकाला विचारलं, काय, विजेचा नान कसा लागला? शेजारच्या मुखबीर चाचाला म्हटलं, आता आठवण झाली होय, मागे उभे राहा. सगळ्यांना नीट समज दिली, मगच नान दिले. चांगलं झोंबलं असणार.

२० जानेवारी
वीज आली. रांग नाही.
थंडीमुळे लोक बाहेर पडत नाहीत. समोर दिसतायत, ते सवयीने आलेले.

२९ जानेवारी
ताहिरजानची पोरं नान पिशवीत कसेही कोंबतात, पालथेसुद्धा! नान पालथा घालतात ती काय माणसं? त्याच्या दारात जाऊन सांगून आले. तो म्हणाला, ओयनिसा खोला, तुमच्या नानला तोड नाही, पण घ्यायला यायची भीती वाटते. घाबरला मला. चांगलं लक्षण.

३ फेब्रुवारी
ठशाचे खिळे ढिले झाले. नफिसा दुरुस्त करून घेऊन आली. नवाच वाटतो. ती म्हणाली, चष्मा लावून नीट बघा ना, ओयीजान. म्हटलं, चष्मा म्हाताऱ्यांना लागतो.

६ फेब्रुवारी
फोन एकदाही वाजला नाही. लोकांना शेवटी अक्कल आली.

१२ फेब्रुवारी
नफिसा सारखी फोनवर. कणीक मळतानासुद्धा कान आणि खांद्यात धरलेला. विचारलं, कोण? म्हणे, माहेरचे. आवाज नुसता मध. 'चाळीस का? गुरुवारी? हो, गरमच पाठवते.' माहेरची माणसं किती खातात!

२० फेब्रुवारी
दुकानात गर्दी नाही, पण संध्याकाळपर्यंत नान उरत नाही. रोज जास्त मळावं लागतं. अर्थ सरळ आहे: माणसं दुरून माझा नंबर वाचतात, आणि फोनवर बोलायची हिंमत होत नाही म्हणून गुपचूप कोणालातरी पाठवतात.
इल्होमच्या टॅक्सीला तिळाचा वास येतो. मागच्या सीटवर धुतलेली चादर. पोरगं सुधारलं.

७ मार्च
दुसरा तंदूर लिंपायला घेतला. इल्होम स्वतः माती कालवत होता. कव्हरवाल्याचं काय, विचारलं, तर म्हणतो, कोण कव्हरवाला? बघा. आई ठाम राहिली की मुलं वळतात.

२१ मार्च, नवरोझ
गव्हाच्या मोडांचं सुमालक शिजत होतं, कढईपाशी सगळा मोहल्ला. ताहिरजान हात छातीवर ठेवून माझ्यापुढे आला. म्हणाला, खोला, आता माझ्या दुकानात मी फक्त केक ठेवणार. नान तुमचेच विकीन, रोज शंभर पाठवा. काल फोन केला होता, किती गोड बोललात!
मी म्हणाले, बोलतेच मी.
त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मला आठवेना, काल मी कोणाशी बोलले. घरी आले. इल्होमच्या वडिलांचा जुना चष्मा ट्रंकेतून काढला आणि टोपलीतला नान हातात घेतला.
नंबर माझा नव्हता.

त्याच दिवशी, दुपारी
लावला. पलीकडून, 'लब्बै, जी, हुकूम करा.' आवाज मागच्या अंगणातून येत होता आणि फोनमधूनही. चांगलं खडसावायचं म्हणून तोंड उघडलं. ती म्हणाली, 'थंडी कमी झाली ना आता? तब्येत बरी आहे ना?' माझ्या तोंडून निघालं, दहा नान.
तिने पत्ता विचारला. सांगितला. मग म्हणाली, 'तिथे पोहोचवायचे पैसे नाही घेत आम्ही, खोला. जवळचंच घर आहे.'
इल्होम अंगण ओलांडून घेऊन आला. स्वच्छ कापडात, गरम, सुलटे. दहाचे पैसे मागितले मेल्याने, आणि हसला नाही. दिले.

संध्याकाळी
फोनचं काम नफिसाकडे सोपवायचं, हे माझं पहिल्यापासूनच ठरलं होतं. तिला सांगितलं तसं. ती म्हणाली, बरं, ओयीजान.
दहा नान कोण खाणार आता?