आत्यांचा पहारा

रविवार, ६ ऑगस्ट

अडकले! हनादीच्या लग्नाचं शूटिंग मी केलं, ते बायकांच्या हॉलमधलं. सगळ्याजणी मोकळ्या केसांनी नाचलेल्या, परक्या पुरुषाच्या नजरेस पडता कामा नये. म्हणजे ठरलेलंच — सगळं त्यांच्या एसएसडीवर, म्हणजे तळहाताएवढ्या डिस्कवर, उतरवायचं आणि माझ्या कॉम्प्युटरवरचं त्यांच्या घरच्या बाईसमोर पुसायचं. ती बाई म्हणजे नवरीची आत्या, वदाद. विधवा, भावाकडे राहतात. सकाळी एसएसडी पर्समधून आणतात, संध्याकाळी घेऊन जातात. जाताना माझ्या कामाच्या खोलीची किल्लीसुद्धा!

अकाबात ताईला मुलगी झालीय. गुरुवारी बारसं, बकरा कापणार. आणि मी इथे अम्मानमध्ये कॉपीची पट्टी सरकायची वाट बघत.

सोमवार, ७ ऑगस्ट

सुरुवातीला सुसाट, मग गोगलगाय. केबल बदलली. पोर्ट बदलला. अँटिव्हायरस बंद केला. ढिम्म! आत्या म्हणाल्या, नजर लागली असेल. राग गिळून कॉफी केली. त्यांच्या भावाचा सारखा फोन — झालं का, झालं का? त्याचा फोन आला की आत्या उभ्या राहून बोलतात.

मंगळवार, ८ ऑगस्ट

तेच. ताई फोनवर रडली.

बुधवार, ९ ऑगस्ट

सापडलं! आत्या एसएसडीवर रोज स्वतःची लोकरी शाल पांघरतात. मला वाटायचं, धूळ बसू नये म्हणून. आज शाल उचलली तर हाताला चटका! विचारलं तर म्हणाल्या, "आत आमच्या लेकीबाळी आहेत. उघडं कसं ठेवू?"

हसावं की रडावं! ही तापली की आपणहून हळू होते, असं समजावलं. खोलीचं दार लावलं, मग त्यांनी ती पंख्यापुढे ठेवू दिली. वेग चढला तो उतरलाच नाही.

दुपारी संपलं. पुसलं. आत्यांनी रिकामा फोल्डर पुन्हा उघडायला लावला, किल्ली दिली. पण उठेनात. शाल घडी करत, उलगडत बसल्या. म्हटलं, उद्या पहाटे माझी अकाबाची बस आहे.

"समुद्र आहे ना अजून तिथे?" नवरा होता तेव्हा एकदा गेल्या होत्या म्हणे. मला फार वाईट वाटलं.

गुरुवार, १० ऑगस्ट

बस सुटताना आत्यांना त्यांच्या भावाचा फोन. आत्या माझ्या शेजारच्या सीटवर, एसएसडी मांडीवर, शालीत. या वेळी उभ्या राहिल्या नाहीत.

"छे रे, कुठलं संपतंय! फार हळू चालतंय. आज मी त्या पोरीकडेच राहते."