दोन इरल्यांचा तंबू

२० नोव्हेंबर १९८३

आलो एकदाचे. मुलुंडला, पार डोंगराच्या पायथ्याशी. खोली एकच आहे, पण आमच्या दोघांचीच. मोरी आत, नळ दारात. लालबागला मोठ्या जावेच्या खोलीत पाय मुडपून झोपायचे दिवस गेले. आज पाय ताणून झोपणार. कुणाला लाथ लागलीच तर ती माझ्याच नवऱ्याला लागेल.

ही वही कमलची, शाळेतली, निम्मी कोरी. लेक सासरी गोवंडीला, सातवा महिना लागलाय, तिला इकडे येता येत नाही. म्हणाली, आई, काय काय होतं ते लिहीत जा, आले की वाचीन. मी चौथी शिकलेली. लिहायला वेळ लागतो नि मला दम नाही. तरी लिहिते.

जागा श्यामसुंदर साहेबांची. बँकेत आहेत. सुट्टी मिळाली की डोंगर चढतात, घरी काम नसतं म्हणून. नाताळात शाळेतली पोरं आणून इथे तंबूत ठेवणार, झाडं-पाखरं दाखवणार. मी जेवण करायचं, ह्यांनी तंबू बघायचे.

हे गिरणीत साच्यावर होते, म्हणजे कापड विणायच्या मागावर. संप झाला, काम गेलं नि माणूसच मुका झाला. गॅलरीत बसून नुसता रस्ता बघायचे. मोठी जाऊ म्हणायची, वनमाला, तुझा नवरा आहे की पुतळा? आज नळाखाली आंघोळ करताना ह्यांनी शीळ घातली. मी पीठ मळता मळता थांबले. मला दुसरं काही नको. जयवंत परत बोलता झाला, की बास.

२३ नोव्हेंबर

तंबू आले. म्हणजे तंबू म्हणून जे आलं ते आलं. साहेब नि हे कुर्ल्याला भंगारवाल्याकडे जाऊन मिलिटरीचा जुना माल टेंपोत भरून घेऊन आले. मी म्हटलं, तंबू कुठायत, ही तर इरली. आमच्या कोकणात शेतावर पावसात डोक्यावरून घेतात तशी, फक्त रबराची, हिरवी. मधोमध टोपी, त्यात डोकं घालायचं. साहेब ह्याला पोंचो म्हणतात. म्हणोत.

कडेला टिचबटणं आहेत. एक इरलं म्हणजे एका शिपायाचा रेनकोट. दोन इरली कडेला कडा लावून बटणं दाबली, आत काठी उभी केली, की दोघांचा तंबू. साहेबांनी खुलासा केला, की प्रत्येक शिपाई अर्धाच तंबू घेऊन हिंडतो, दुसरा अर्धा जोडीदाराच्या पाठीवर. मी विचारलं, नि जोडीदार मेला तर? साहेब म्हणाले, वनमालाबाई, तुम्हाला कुठे काय विचारावं कळत नाही. कळतं, म्हणूनच विचारलं.

वास मात्र घाण. रबर, रॉकेल, नि ओल्या कुत्र्यासारखं काहीतरी. दोनदा सोड्यानं धुतली. गेला नाही.

२५ नोव्हेंबर

आज तंबू उभे केले. ह्यांचे हात अजून साचेवाल्याचेच. दोरी ताणली की बरोबर तेवढीच ताणणार. खुंट्या तिरक्या ठोकल्या, भोवती पाणी जायला चर खणला. टोपीचं भोक छपरात येतं, तर टोपी बाहेर ओढून तिच्या गळ्याला नाडीनं पीळ देऊन गाठ मारायची, नाहीतर दव आत गळतं. ह्यांनी एकेका टोपीला गाठ मारली. मी म्हटलं, फाशी दिल्यासारखं दिसतंय. म्हणाले, गप गो, तुझ्या तोंडाला काय हाडच नाही. मला उलट बोलले! एवढ्या दिवसांनी! मी खूश होऊन चहात जास्त साखर घातली.

सगळ्यांच्या जोड्या लागल्या, एक इरलं उरलं. साहेब म्हणाले, जयवंत, ते तूच वापर, इथे पहाटे थंडी असते.

२७ नोव्हेंबर

नव्या जागेत खुंटी ठोकायच्या आधी जागेच्या धन्याला सांगावं लागतं. आम्ही आधी ठोकली नि मग आठवलं. साहेबांना विचारलं तर हसले, म्हणाले, धनी मीच आहे, मला सांगा. मी म्हटलं, तुम्ही कागदावरचे.

दहीभाताची वाडी, म्हणजे धन्याचा नैवेद्य, केली, पानावर ठेवली, नारळ घेतला. ही वाडी शिवेवर ठेवायची असते, झाडाच्या बुंध्याशी. पण शिवेवर काटे नि तांबड्या मुंग्या, माझे गुडघे धरलेले. कोण जातंय तिथपर्यंत? पहिल्या तंबूत सावली होती. तिथेच ठेवली.

गाऱ्हाणं खरं पुरुषमाणसानं घालायचं. ह्यांना शब्द आठवेनात, म्हणून मीच घातलं. म्हटलं, बा देवा म्हाराजा, जो कोण हेचो धनी आसात त्येका सांगणा करतंय, ह्या माझ्या माणसाक आपलो मान, आपल्यात घे, त्येका कधी एकटो सोडू नको.

हे मागे उभे होते, ते म्हणाले, व्हय म्हाराजा.

आणि मग डोंगरावरून आवाज फिरून आला. व्हय म्हाराजा. बऱ्याच गळ्यांतून आल्यासारखा. मोकळी जागा आहे, आवाज घुमतो. चांगलं झालं म्हटलं, देवानं ऐकलं.

३० नोव्हेंबर

पान चाटून पुसून साफ. कावळा शितं सांडतो, कुत्रं पान ओढतं. पान होतं तिथेच होतं.

टोप्यांच्या गाठी सुटतात. हे बांधतात, जेवून येईपर्यंत सुटलेल्या. साचेवाल्याची गाठ सुटत नाही हो. ह्यांना म्हटलं, तर म्हणाले, त्यांना गुदमरतं. मी म्हटलं, कुणाला? तर शीळ घालत गेले.

हे हल्ली तंबूतच झोपतात. खोलीत कोंडल्यासारखं होतं म्हणतात.

३ डिसेंबर

दुपारी कपडे वाळत घालत होते. वारा नाही, झाडाचं पान हलत नाही. छपरावरच्या टोप्या फुगल्या. सगळ्या. आत डोकं असावं तशा गोल. नि सगळ्या माझ्याकडे वळलेल्या. मी ओलं धोतर तसंच टाकून आत आले नि कडी घातली.

हे मात्र बोलतात आता. खूप बोलतात. तंबूच्या आत, हसतात, कुणाला तरी टाळी देतात. माझ्याशी नाही. मी जेवण घेऊन गेले तर म्हणाले, वाढ ना सगळ्यांना. मी म्हटलं, अहो, कोण सगळे? माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच वेडी.

आत वाकून पाहिलं. हे एका कडेला अंग चोरून बसलेले, बाजूची जागा सोडून. मी त्या जागेवर हात ठेवला. चटई गरम होती. कोणीतरी आत्ता उठल्यासारखी.

६ डिसेंबर

आता कळलं. बसून बसून कळलं. मी म्हटलं, जो हेचो धनी. वाडी कुठे ठेवली? इरल्यांच्या आत. जागेच्या धन्याला बोलावलंच नाही मी. बोलावलं त्यांना, ज्यांची ही इरली. नि काय मागितलं? आपल्यात घे. एकटो सोडू नको.

गुडघे दुखतात म्हणून.

७ डिसेंबर

साहेब आले. सगळं सांगितलं. म्हणाले, बाई, तुम्ही शिकल्या नाहीत हा तुमचा दोष नाही. मी म्हटलं, तुम्ही शिकलात ना, मग जा आत.

गेले. बाहेर आले तेव्हा तोंड पांढरं. पोरं आणणार नाही एवढंच म्हणाले, जाळून टाका म्हणाले, स्कूटरला लाथ मारून गेले. बूट इथेच राहिले, तंबूच्या दारात.

रॉकेल ओतलं. काडी लागत नाही. अख्खी पेटी संपली.

८ डिसेंबर

बटणं सुटत नाहीत. कोयता घेतला. जोडावर घातला, वीतभर फाटलं —

नळाकडून किंकाळी. हे तोंड धूत होते. खांद्यापासून खाली वीतभर चिरलेलं. रक्त. मी कोयता टाकला. हळद दाबली, लुगडं फाडून बांधलं. हे कळवळत होते नि तरी माझीच समजूत घालत होते, असूदे, असूदे गो.

आता काय कापू?

१० डिसेंबर

शिवेवर गेले. काट्यांतून, अनवाणी. नवी वाडी ठेवली. सगळं सांगितलं. म्हटलं, चुकलंय म्हाराजा, माझो शब्द मागे घे, माझो घोव, माझो माणूस, माका परत दी.

व्हय म्हणायला माणूस लागतो. आपणच मागायचं नि आपणच व्हय म्हणायचं असं नसतं. थांबले. ऊन डोक्यावर येऊन उतरलं. एवढं मोठं रान. कुणी व्हय म्हटलं नाही.

१२ डिसेंबर

हे जेवत नाहीत. इरलं अंगावरून काढत नाहीत. उन्हात उभे, घाम नाही. जखम बघू म्हटलं. इरल्याखाली हात घातला.

लागलंच नाही काही हाताला. पार पाठीपर्यंत हात गेला. नुसती हवा. गार.

तोंड आहे अजून. तोंड ह्यांचंच आहे.

मी म्हटलं, चला, जावेकडे जाऊ, गॅलरीत बसा, बोलू नका, मी काही म्हणणार नाही. मुके राहा. चला.

म्हणाले, बाई, तुम्ही कोण?

१३ डिसेंबर

शेजारी कोण नाही. रस्त्यापर्यंत गेले. माणूस भेटला तर काय सांगू? परत आले. ह्यांना टाकून कुठे जाऊ —

कमल, इकडे येऊ नकोस. बाळंतपण गोवंडीलाच कर. कोणी काही सांगितलं तरी येऊ नकोस.

१४ डिसेंबर

सकाळी तंबू नाहीत. एकही नाही. खुंट्यांची भोकं फक्त. गवत दबलेलं, माणसाएवढं, माणसाएवढं, माणसाएवढं.

चालले. डोंगराकडे. रांगेनं. खिडकीसमोरून जातायत. टोप्या घातलेल्या. आत तोंडं नाहीत. पायांचा आवाज नाही, नुसतं रबर घासतंय —

हे शेवटी आहेत. तोंड आहे. थोडं आहे.

हाक मारली. जयवंत. नावानं मारली. लग्न झाल्यापासून कधी नावानं —

थांबले. वळले. खिडकीशी आले. हात पुढे केला. बोटं आहेत. साच्यावरची बोटं. ओळखलं मला. वने म्हणाले. वने, माका जावचा नाय —

धरला हात. गजांतून. डाव्या हातानं धरलाय. उजव्यानं लिहितेय. कमल, बाबांना सोडलं नाही मी. सांग माझ्या जावेला.

ओढतायत. रांग थांबलीय. सगळे एकमेकांना धरून ओढतायत —

सोडणार नाही

गजांतून माणूस जात नाही. हात जातो. खांदा अडकला. आता खांदा पण — दुखत नाही गं कमल, गार वाटतं नुसतं — डोकं मात्र कसं जाईल ह्या एवढ्याशा —