माईक बाबांच्या खुर्चीत

ती. दाजींना साष्टांग नमस्कार (वाकून केलेला नाही, कारण पुढे येईलच).

ताईचा गुडघा आता कसा आहे? इकडे आम्ही मजेत. आमचे बाबा तुमच्याकडे राहायला आल्यापासून तर घरात इतकी शांतता आहे, की फ्रिज सुरू झालेला आणि बंद पडलेला आतल्या खोलीत कळतो. तुम्ही विचारलंत, की बाबांना तुमच्या टीव्हीवरचे संवाद नीट ऐकू येत नाहीत, तेव्हा हॉलमध्ये चांगले स्पीकर बसवून रिसीव्हर घ्यावा की वेगळा ॲम्प्लिफायर? विचारलंत ते बरं केलंत. या विषयात मी पोळलेला माणूस आहे.

रिसीव्हर म्हणजे एकत्र कुटुंब. सिनेमाचा आवाज वाटून देणारा, रेडिओ पकडणारा, स्पीकरना ताकद पुरवणारा, सगळे एकाच डब्यात नांदतात, आणि एक रुसला की सगळ्यांना उचलून दुकानात न्यावं लागतं. वेगळा ॲम्प्लिफायर म्हणजे वेगळ्या चुली. ताकद जास्त, पण जागा दुप्पट, आणि मधल्या वायरींचा गुंता सोडवण्यात जन्म जातो. माझे साडू (ज्यांना स्वतःच्या घरातल्या पंख्याची दिशा कळत नाही) म्हणाले, घ्यायचा तर वेगळाच घ्या, नाहीतर घेऊच नका. साडूचं ऐकू नये हे कळायला माझी कंबर कामी आली. ते धूड उचलून फळीवर ठेवलं, तर माझ्या पाठीतून आणि फळीतून एकदमच आवाज निघाला. (त्या ॲम्प्लिफायरचा आमच्या घरात ऐकलेला हा एकमेव आवाज.) बायको म्हणाली, "फळी तरी दुरुस्त होईल." शेवटी दुकानदाराच्या हातापाया पडून, म्हणजे कंबर वाकली तितपतच, तो परत केला आणि रिसीव्हर आणला.

रिसीव्हरसोबत एक छोटा माईक येतो. ऐकणारा जिथे बसतो तिथे, त्याच्या कानाच्या उंचीवर तो ठेवायचा. मग यंत्र एकेका स्पीकरमधून शीळ घालतं, खोलीचं माप घेतं आणि नेमका त्या जागेसाठी आवाज बसवतं. सगळा खटाटोप बाबांसाठी, म्हणून माईक बाबांच्या खुर्चीत, उशांच्या चळतीवर. बाबांना उठवून स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसवलं. अट एकच, कुणी हूं की चूं करायचं नाही. यंत्राने शीळ घातली, बाबा खोकले. यंत्र म्हणालं, खोलीत गोंगाट आहे, पहिल्यापासून सुरू करा. पुन्हा शीळ, पुन्हा खोकला. (खोकला दाबून ठेवायला सांगितला की तो जास्तच येतो, हे मला नंतर सुचलं.) पाठीत कळ येत होती. आणि तुम्हाला माहीतच आहे, मी ड्रायव्हिंग शिकवतो. दिवसभर शेजारी बसून "ब्रेक!" असं ओरडून माझा गळा तयार झाला आहे. त्याच गळ्याने मी ओरडलो, "बाबा, खोकायचं असेल तर बाहेर जा!"

बाबा बाहेर गेले, ते थेट तुमच्याकडे. एरवी दहादा सांगितलेलं ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना हे वाक्य पहिल्या फटक्यात ऐकू आलं, तेही कुठल्याही ॲम्प्लिफायरशिवाय. जाताना म्हणाले, "चार दिवस लेकीकडे जाऊन येतो." ते चार दिवस आता दुसऱ्या महिन्यात शिरलेत. त्यांच्यामागे यंत्राचं माप मात्र निर्विघ्न पार पडलं.

तेव्हा माझा सल्ला असा, की घाई करू नका. ताईला नमस्कार. बाबांना... बाबांना काही नाही.

तुमचा एकुलता मेव्हणा

ता.क. : खरं सांगायचं तर रिसीव्हर, ॲम्प्लिफायर, स्पीकर, काही म्हणजे काही घेऊ नका. तुमच्याकडे नीट ऐकू यायला लागलं तर बाबा परत कशाला येतील?

आणखी ता.क. : आम्ही सोफ्यावर बसतो, तिथे संवाद दबके येतात. बाबांच्या खुर्चीत बसलं की शब्द न् शब्द ऐकू येतो, असं बायको सांगते. मी बसून पाहिलेलं नाही. मला तिथे बसवत नाही.

शेवटचं ता.क. : हे पत्र बाबांना वाचून दाखवा, मोठ्याने. आणि सांगा, माप घेऊन झालंय. आता घरात हवं तेवढं खोका.